बारा वर्षांचे असल्याचा पुरावा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ विल्यम्सपोर्ट नावाचे लहानसे गाव आहे. २४ ऑगस्ट २०२५ रोजी तेथे तैवानच्या मुलांनी लास वेगासच्या मुलांचा ७-० असा पराभव करून ‘लिटल लीग वर्ल्ड सीरिज’ जिंकली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची ही बेसबॉल स्पर्धा १९४७ पासून खेळवली जाते. तैवानचे हे अठरावे विजेतेपद. परंतु सतरावे आणि अठरावे यांच्यात एकोणतीस वर्षांचे अंतर आहे. आपल्याकडे या बातमीची फारशी दखल घेतली गेली नाही आणि त्यात नवल काहीच नाही. बेसबॉलशी आपला संबंध तो काय? २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडलेल्या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंनी पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाशी करार केला, पुढे त्यावर चित्रपट निघाला, एवढाच.

मला त्या अंतिम सामन्यापेक्षा महिनाभर आधीची एक बातमी अधिक महत्त्वाची वाटते. याच संघटनेच्या १३ ते १६ वर्षे वयोगटातील स्पर्धेसाठी व्हेनेझुएलातील माराकाइबोच्या संघाने लॅटिन अमेरिकी गटातून पात्रता मिळवली होती. स्पर्धा दक्षिण कॅरोलिनात होती. मुलांना व्हिसा नाकारण्यात आला आणि त्यांच्या जागी मेक्सिकोचा संघ घेतला गेला. जून महिन्यात अध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या प्रवासबंदीच्या आदेशात विश्वचषक, ऑलिम्पिक आणि अन्य मोठ्या क्रीडास्पर्धांना येणाऱ्या खेळाडूंसाठी सवलत होती. या मुलांना तिचा लाभ मिळाला नाही. मैदानावर जिंकलेली पात्रता दूतावासाच्या खिडकीपाशी संपली.

मुलांच्या स्पर्धेत कोणी खेळावे, हे ठरवणारे नियम वरवर पाहता तांत्रिक असतात. प्रत्यक्षात ते मुलाविषयी थोडे आणि त्याच्या देशाच्या नोंदवहीविषयी बरेच काही विचारत असतात. आपल्या क्रीडा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहितेचा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हापासून हा विचार माझ्या डोक्यात घोळत आहे. म्हणून ही दूरची वाट.

गल्लीचा संघ, जगाचे मैदान

कार्ल स्टॉट्झ या विल्यम्सपोर्टच्या रहिवाशाने १९३९ मध्ये लिटल लीग सुरू केली, ती आसपासच्या मुलांसाठी. मुलांचे मैदान लहान आखले. प्रौढांच्या बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा पिचर फलंदाजापासून साडेअठरा मीटरच्या आसपास उभा असतो. लिटल लीगमध्ये तेच अंतर सुमारे चौदा मीटर आहे. वयाचा नियम येथून येतो. चौदा वर्षांच्या मुलाने चौदा मीटरवरून पूर्ण ताकदीने टाकलेला चेंडू अकरा वर्षांच्या मुलाला दिसतो न दिसतो तोच अंगावर येतो. म्हणजे प्रश्न केवळ न्याय्य स्पर्धेचा नाही, सुरक्षिततेचाही आहे. याच काळजीपोटी या संघटनेने २००७ पासून एका मुलाने एका दिवसात किती चेंडू टाकावेत यावरही मर्यादा घातली.

दुसरा नियम हद्दीचा. प्रत्येक स्थानिक लीगला भौगोलिक सीमा आखून दिलेली असते. मूल त्या सीमेच्या आत राहणारे किंवा तेथील शाळेत शिकणारे हवे. संघ स्पर्धेला निघतो तेव्हा त्याच्यासोबत कागदपत्रांची जाडजूड फाइल असते. तीत सीमेचा नकाशा, प्रत्येकाचा जन्मदाखला, निवासाचे पुरावे किंवा शाळेचा दाखला, असे सारे असते. जागतिक बेसबॉल महासंघाच्या १२, १५ व १८ वर्षांखालील विश्वचषकांत राष्ट्रीय संघ खेळतात आणि तेथे पारपत्र विचारले जाते. लिटल लीग मात्र मुलाला ‘तू कोणत्या देशाचा?’ असे न विचारता ‘तू कोणत्या आळीचा?’ असे विचारते. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण आळीच्या मापाने बेतलेला हा नियम जगभर लावायचा, तर जगातल्या प्रत्येक आळीत नगरपालिकेचे दप्तर, भाडेकरार आणि विजेचे बिल आहे असे गृहीत धरावे लागते.

हे गृहीतक पहिल्यांदा उघडे पडले ते १९९२ मध्ये. फिलिपिन्समधील झांबोआंगा शहराच्या संघाने अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचला १५-४ असे लोळवले. मायदेशी जल्लोष सुरू असतानाच तेथील पत्रकारांनी लिहिले की, संघातील अनेक मुले झांबोआंगाची नाहीतच. ती देशाच्या इतर भागांतून आणलेली आहेत. विजेतेपद काढून घेण्यात आले आणि लाँग बीच ६-० ने विजयी ठरले. फिलिपिन्सची चोरी फिलिपिन्सच्याच पत्रकारांनी उघड केली, ही त्यातली उल्लेखनीय गोष्ट. त्या वेळी देशद्रोही ठरवले जाण्याचा धोका त्यांनी पत्करला असणार, हे आजच्या भारतात वेगळे सांगायला नको.

दोन नोंदवह्या

सर्वाधिक गाजलेले प्रकरण २००१ चे. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील स्थलांतरितांच्या मुलांचा संघ, आणि त्यातला डॅनी अल्मॉन्टे हा डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला उंच, डावखुरा पिचर. त्याने वर्ल्ड सीरिजमधील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोहोचू दिले नाही. संघ तिसरा आला; शहराने त्यांचे नायकांसारखे स्वागत केले. प्रतिस्पर्धी संघांच्या पालकांना संशय होताच. त्यांनी खासगी गुप्तहेरही लावले होते, पण हाती काही लागले नव्हते. अखेर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकाच्या पत्रकारांनी डोमिनिकन प्रजासत्ताकातील मोका या गावी नोंदवही उघडली. तिच्यात जन्मतारीख होती ७ एप्रिल १९८७. संघाने सादर केलेल्या दाखल्यावर होती ७ एप्रिल १९८९. दिवस तोच, महिना तोच. फक्त दोन वर्षे वितळलेली. मुलगा चौदा वर्षांचा होता.

यातला तपशील लक्षात घ्यावा. दुसरा दाखला कोणा छापखान्यात तयार झालेला नव्हता. तो सरकारी कचेरीतूनच निघाला होता. वडिलांनी दुसऱ्या गावी, बऱ्याच उशिराने, जन्माची पुन्हा नोंद केली होती. ज्या देशात उशिरा नोंद करणे ही रीतच आहे, तेथे हे अवघड नसते. ज्यांना खरोखरच उशिरा नोंद करावी लागते त्यांच्यासाठी ठेवलेल्या दारातूनच लबाडी आत शिरते. संघाची सारी कामगिरी रद्द झाली. वडील आणि संघाचे संस्थापक यांच्यावर आजन्म बंदी आली. मुलाला दोषी मानले गेले नाही. त्याला तेव्हा इंग्रजीही येत नव्हते. मात्र ‘फसवणूक’ या शब्दाशी आजही नाव जोडले जाते ते त्याचेच. ते वडील आणि ते संस्थापक आज कोणाला आठवतात?

२०१४ मध्ये शिकागोच्या दक्षिण भागातील जॅकी रॉबिन्सन वेस्ट या लीगचा संघ अमेरिकेचा विजेता ठरला. सर्व मुले कृष्णवर्णीय. संघाचे नाव अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणाऱ्या खेळाडूचे. अध्यक्ष ओबामांनी मुलांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. फेब्रुवारी २०१५ मध्ये विजेतेपद हिरावले गेले, कारण संघाच्या चालकांनी सीमेचा नकाशाच बदलून बाहेरच्या उपनगरांतील मुले घेतली होती. नियम मोडला गेला होता, यात वाद नाही. नकाशा प्रौढांनी बदलला आणि पदक मुलांचे गेले, यातही वाद नाही.

पंचांच्या आधीचा पंच

या साऱ्यांहून मला अस्वस्थ करते ते युगांडाचे प्रकरण, कारण तेथे दोष कोणाचा हेच सांगता येत नाही. २०११ मध्ये कंपालाच्या संघाने पोलंडमधील कुत्नो येथे पात्रता स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात त्यांनी हरवलेला संघ नावापुरता सौदी अरेबियाचा होता. धाहरानच्या तेलवसाहतीतील परदेशी अधिकाऱ्यांची, मुख्यत्वे अमेरिकनांची, मुले त्यात खेळत. आफ्रिकेतून साउथ विल्यम्सपोर्टला जाणारा हा पहिला संघ ठरणार होता. अमेरिकी दूतावासाने मुलाखती घेतल्या, जन्मतारखांमध्ये विसंगती आढळल्याचे कारण दिले आणि व्हिसा नाकारला. हरलेला धाहरानचा संघ अमेरिकेला गेला.

युगांडात त्या काळी पाच वर्षांखालील मुलांपैकी जन्मनोंद झालेल्यांचे प्रमाण निम्म्याहून कितीतरी कमी होते. अशा देशात दहा-बारा मुलांच्या जन्मतारखा तंतोतंत जुळल्या असत्या तरच खरे म्हणजे संशय यायला हवा होता. कदाचित काही मुले खरोखरच मोठी असतील. पण ‘वय लपवले’ आणि ‘वय माहीत नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूतावासाच्या अर्जात दोहोंसाठी एकच रकाना असतो. धाहरानच्या तेलवसाहतीतल्या मुलाला आपण बारा वर्षांचे असल्याचे सिद्ध करण्यासाठी काहीच करावे लागत नाही. त्याच्या जन्माच्या वेळी रुग्णालयाने आणि राज्यसंस्थेने ते काम करून ठेवलेले असते. पुढच्याच वर्षी युगांडातील लुगाझीचा संघ पात्र ठरला आणि साउथ विल्यम्सपोर्टला पोहोचलाही. तेथे त्यांनी ओरेगन राज्याच्या संघावर ३-२ असा विजय मिळवला. मधल्या काळात, जानेवारी २०१२ मध्ये, कॅनडातील लँगली येथील मुले स्वतः युगांडाला गेली होती, २०११ मध्ये विल्यम्सपोर्टला न झालेला सामना खेळायला.

आणि नियम म्हटला की तो न्याय्यच असतो असेही नाही. १९७४ पर्यंत लिटल लीगच्या सनदेत ‘मुलगे’ असा शब्द होता. न्यू जर्सीतील मारिया पेपे या मुलीने १९७२ मध्ये तीन सामने खेळल्यावर तिला काढून टाकण्यात आले. तिच्या वतीने लढल्या गेलेल्या खटल्यानंतर अमेरिकी काँग्रेसने सनद बदलली. त्याच सुमारास तैवानने सलग चार वर्षे स्पर्धा जिंकल्यावर संघटनेने १९७५ साठी सर्वच परदेशी संघांना दार बंद केले. वर्षभरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. तैवान सतत जिंकते म्हणून नियम बदलावा, असे वाटणे मानवी आहे. ते लेखी उतरवणे अंमळ धाडसाचे.

गुरुजींनी लावलेली तारीख

आता आपल्याकडे येतो. माझ्या वडिलांचा जन्मदिवस कागदोपत्री १ जुलै होता. तो त्यांच्या आईने सांगितलेला नव्हता, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला होता. आजीला आठवत होते ते इतकेच की त्या वर्षी पाऊस उशिरा आला. महाराष्ट्रात हीच कथा १ जूनची आहे. सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या याद्या पाहाव्यात, अर्धे गाव एकाच दिवशी जन्मल्यासारखे वाटते. त्या गुरुजींना कोणी वयचोर म्हटले नाही. कागदावर रिकामी जागा होती, ती त्यांनी भरली.

परिस्थिती झपाट्याने सुधारली आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार पाच वर्षांखालील मुलांच्या जन्मनोंदणीचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४१ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ८० टक्के आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्के झाले. पण आज मैदानावर असलेल्या मुलांचे गणित करून पाहू. जे मूल आज बारा-तेरा वर्षांचे आहे, ते यांपैकी मधल्या सर्वेक्षणाच्या काळात तीन वर्षांचे होते. म्हणजे त्याच्या पिढीतील पाचांमागे एकाची नोंद तोवर झालेली नव्हती. बिहार, उत्तर प्रदेश यांसारख्या राज्यांत हे प्रमाण अधिक वाईट होते. या मुलांचे दाखले उशिरा निघाले, शाळाप्रवेशाच्या, आधारच्या वा एखाद्या योजनेच्या निमित्ताने. त्यांतील काही तारखा चुकीच्या असतील, काही मुद्दाम चुकवलेल्या. कागद पाहून दोहोंतील फरक कळत नाही.

मुद्दाम चुकवणारे कमी नाहीत, आणि त्यांच्याविषयी मला भाबडी सहानुभूती नाही. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी व्याख्यानात वयचोरीला विषारी म्हटले होते आणि ती सामनानिश्चितीहून वेगळी का मानावी, असा सवाल केला होता. ते बरोबरच होते. वयचोरीचा बळी दिसत नाही, ही तिची खरी क्रूरता आहे. सोळा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांखालील संघात शिरतो तेव्हा जो खरोखर चौदाचा आहे तो निवडलाच जात नाही. त्याचे नाव कोणत्याही तक्रारीत येत नाही. तो एक-दोन वर्षे वाट पाहतो, मग खेळ सोडतो, आणि घरचे म्हणतात, त्याला जमलेच नाही. खेळाडूंच्या कोट्यातील रेल्वे वा सैन्यदलांतील नोकरी, महाविद्यालयीन प्रवेश, ‘खेलो इंडिया’ची महिना दहा हजारांची मदत, हे सारे जेथे कनिष्ठ गटातील पदकाशी जोडलेले असते, तेथे दोन वर्षांची किंमत एका कुटुंबाच्या भवितव्याएवढी होते.

मसुद्यातील उपाय कठोर आहेत. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांची बंदी, दुसऱ्याला आजन्म बंदी आणि फौजदारी गुन्हा. स्वतःहून खरे वय सांगणाऱ्यांसाठी सहा महिन्यांची माफी योजना आहे, ती मला या मसुद्यातील सर्वांत शहाणी तरतूद वाटते. दोषी प्रशिक्षक व पदाधिकाऱ्यांवर कारवाईचा उल्लेखही आहे. कागद आणि मूल यांत विसंगती दिसली की मात्र निवाडा अखेर हाडांवर सोपवला आहे. डाव्या मनगटाचा व पंजाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय ताडायचे, ही ‘टीडब्ल्यू-३’ पद्धत. आणि त्याउपर एमआरआय.

हाडे खोटे बोलत नाहीत, असे क्रीडा प्रशासक मोठ्या विश्वासाने सांगतात. हाडे तारीखही सांगत नाहीत. ती वाढीचा टप्पा सांगतात, आणि एकाच वयाची दोन मुले वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकतात. टीडब्ल्यू-३ची प्रमाणके तर युरोप-अमेरिकेतील मुलांवरून तयार झाली आहेत. जयामाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटले होते की, क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते. दोन वर्षे, म्हणजे ब्राँक्समध्ये जेवढी वितळली होती तेवढीच. एमआरआयचा दावा अधिक नेमका आहे. ‘फिफा’ २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय वापरते, पण तेथे प्रश्न एकच असतो: हाड पूर्ण जुळले आहे का? तेराचा की चौदाचा, हे ती चाचणीही ठरवत नाही.

इथे आपल्याच कायद्यातील एक विसंगती समोर येते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार एखाद्या आरोपीचे वय ठरवायचे असेल तर आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला पाहायचा, तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि हे दोन्ही नसतील तरच अस्थिचाचणी. आरोपीलाही वय कमी असण्यातच फायदा असतो, खेळाडूप्रमाणेच. तरीही खुनाच्या आरोपात आपण शाळेच्या कागदावर विश्वास ठेवतो आणि कबड्डीच्या निवडीत ठेवत नाही. मैदानावर कागदाचा दर्जा इतका घसरला आहे, हे मला कळते. पण मग बंदीसारखी शिक्षा देताना शंकेचा फायदाही न्यायालयातल्याइतकाच मिळायला हवा. हाडांवरून फार तर ‘या गटात खेळू नको, वरच्या गटात खेळ’ एवढेच सांगता यावे. ‘तू फसवलेस’ हे सांगायला हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाचा दाखला बदलण्यात त्याचा स्वतःचा हेतू कोठून असणार? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॅडमिंटनपटू लक्ष्य सेन व कुटुंबीयांवरील जन्मदाखल्याचे फौजदारी प्रकरण रद्द केले. संबंधित संस्थांनी बऱ्याच आधी चौकशी करून मिटवलेली बाब पुन्हा उकरली गेली होती. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्या खेळाडूपाशी वकील असतात. जिल्हा निवड चाचणीतून घरी पाठवलेल्या मुलीपाशी साधा अर्ज लिहून देणाराही नसतो.

म्हणून माझ्या मते अंतिम संहितेत क्रम उलटा हवा. पहिली नोटीस अकादमीला आणि जिल्हा संघटनेला जावी. एकाच अकादमीतील तीन मुलांची वये खोटी निघाली तर तिची मान्यता जावी आणि तिला मिळालेले अनुदान परत घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाला पहिल्या खेपेला बंदी न घालता योग्य वयोगटात हलवावे. आणि वयाची पडताळणी निवडीच्या आदल्या रात्री न होता मूल प्रथम नोंदले जाईल तेव्हाच, आठव्या-नवव्या वर्षी व्हावी. तेव्हा खोटे बोलण्याचा मोबदला सर्वांत कमी असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आहे. ते दिल्लीत बसेल. वयाच्या तक्रारी ऐकणारी एक पायरी जिल्ह्यातच असली पाहिजे, अन्यथा अपिलाचा अधिकार फक्त भाडे परवडणाऱ्यांचा राहील.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीनुसार १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा मानला जाईल. ही मुले बारा वर्षांची होतील ती २०३५ च्या ऑक्टोबरपासून पुढे. तोपर्यंत दरवर्षी निवड चाचण्यांच्या रांगेत दोन्ही प्रकारची मुले एकमेकांशेजारी उभी असतील: ज्यांची तारीख कोणीतरी बदलली ती, आणि ज्यांची तारीख कोणी लिहूनच ठेवली नाही ती.